अमेरिकी सैन्यातल्या कुटुंबांसाठी परवडणारी रिसॉर्ट्स: भारतातून सासू-सासरे येताहेत, कुठे न्यावं?

पाणपोई

नमस्कार मंडळी,

धाकटा दीर यूएस आर्मीत स्पेशलिस्ट आहे, म्हणजे पे-ग्रेड ई-४. पोस्टिंग टेक्सासला, फोर्ट हूडमध्ये. जाऊ आणि त्यांची मुलगी तिथेच असतात. यंदा सासू-सासरे बी-२ (पर्यटक) व्हिसावर येणार आहेत आणि त्या पाचही जणांचं आठवडाभर कुठेतरी जायचं घाटतंय. सैन्यातल्या लोकांसाठी खास स्वस्त रिसॉर्ट्स असतात एवढं दीर सांगतो, पण वेबसाइट उघडली की नुसती आद्याक्षरं! कोण पात्र, कुठे, किती, काही उलगडत नाही.

माहिती अशी: चार मोठे आणि एक मुलगी (नोव्हेंबरात तीन वर्षं पूर्ण होतील). सासू-सासरे पूर्ण शाकाहारी, सासूबाईंचे गुडघे दुखरे. जायचं सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान कधीही.

भारतीय पासपोर्टवाल्यांना अशा ठिकाणी राहू देतात का? पाच जण एका खोलीत मावतात का? ऐनवेळी दिराची रजा रद्द झाली तर सगळंच बोंबलतं का? आणि मुख्य म्हणजे, हे खरंच स्वस्त पडतं का, की नुसतं नाव?

---

कडीपत्ता

पाणपोई, तुम्ही ज्याबद्दल वाचताय ती एएफआरसी, म्हणजे आर्म्ड फोर्सेस रिक्रिएशन सेंटर्स. मोजकीच आहेत. फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या आवारात शेड्स ऑफ ग्रीन, होनोलुलूत वायकिकी बीचवर हाले कोआ, जर्मनीत गार्मिशला एडलवाइस आणि सोलमध्ये ड्रॅगन हिल. ही आर्मीचं एमडब्ल्यूआर, म्हणजे सैनिकांच्या कल्याण-करमणुकीचं खातं चालवतं. टोकियोचं न्यू सॅनो हॉटेल याच पंगतीतलं, पण ते नौदलाकडे आहे. ही सगळी स्वतःच्या मिळकतीवर चालतात, करदात्यांच्या पैशावर नाही. त्यामुळे फुकट काही नसतं. फायदा आहे तो वेगळ्या ठिकाणी, त्याकडे येतेच.

आधी पात्रता. खोली घेणारा 'स्पॉन्सर' पात्र असावा लागतो, बाकीचे त्याचे पाहुणे. पाहुण्यांना नागरिकत्वाची अट नाही. तेव्हा सासू-सासरे मुलाबरोबर किंवा सुनेबरोबर खुशाल राहू शकतात, फक्त स्वतःच्या नावावर खोली घेऊ शकत नाहीत. फॉर्मवर त्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी टाका.

रजेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. जाऊबाईंकडे डिपेंडंट आयडी कार्ड (सैनिकावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचं ओळखपत्र) असणारच. त्या कार्डावर त्या स्वतः पात्र आहेत आणि दीर नसला तरी चेक-इन करू शकतात. भाडं मात्र दिराच्याच हुद्द्याने लागतं, म्हणजे ई-४ च्या, जे सर्वांत खालच्या गटात मोडतं. कर्नल आणि स्पेशलिस्ट एकाच प्रकारच्या खोलीला वेगवेगळं भाडं देतात, ही या ठिकाणांची खासियत. बुकिंग करताना हुद्दा नीट निवडा. चेक-इनला कार्ड तपासतात आणि चुकीचा गट निवडला असेल तर फरक तिथेच भरावा लागतो. सगळ्यांचंच जाणं रद्द करावं लागलं तर अटी त्या त्या ठिकाणच्या, पण सैन्याच्या आदेशामुळे रद्द होत असेल तर ऑर्डरची प्रत दाखवून दंड माफ करून मागायचा. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

आता तुमच्या पाच जणांना सोयीचं म्हणजे शेड्स ऑफ ग्रीन. तिथली साधी खोलीही चारशे चौरस फुटांच्या वर आहे. दोन क्वीन बेड आणि एक सोफा-बेड, पाच जण रीतसर राहू शकतात. दोन प्रौढांच्या पुढे प्रत्येक मोठ्या माणसामागे रात्रीचे थोडे जादा पैसे लागतात, ते हिशेबात धरा. तरी दुसऱ्या खोलीपेक्षा कितीतरी कमी.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्क उघडण्याआधी अर्धा तास आत सोडतात, ती सवलत शेड्सवाल्यांनाही आहे. लहान मुलीला घेऊन जाताना हा अर्धा तास फार कामाचा, कारण सकाळी रांगा नसतात आणि ऊनही नसतं. पण डिस्नेचा डायनिंग प्लॅन इथे मिळत नाही आणि पार्कातली खरेदी खोलीच्या बिलावर टाकता येत नाही. हॉटेल डिस्नेच्या जमिनीवर आहे, पण डिस्नेचं नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचे गोंधळ टळतात.

गुडघ्यांबद्दल: समोरच्या पॉलिनेशियन रिसॉर्टपलीकडे मोनोरेलचं मोठं स्टेशन आहे, टीटीसी म्हणतात. धडधाकट माणसाला चालत दहा-पंधरा मिनिटं. सासूबाईंना नको, त्यांच्यासाठी हॉटेलची बस. मॅजिक किंग्डम या डिस्नेच्या पार्कची बसही टीटीसीलाच सोडते, तिथून मोनोरेल किंवा फेरी, म्हणजे एक चढउतार वाढतो. व्हीलचेअर पार्कच्या दारातच भाड्याने मिळते, ती पहिल्याच दिवशी घ्या. 'बघू, नाही चालवलं तर घेऊ' म्हणून आत गेलात तर दुपारी पार्कच्या दुसऱ्या टोकाहून दारापर्यंत परत यावं लागतं.

---

कडीपत्ता

तिकिटांचं वेगळं लिहिते, कारण खरा पैसा तिथे जातो, खोलीत नाही.

डिस्नेची 'मिलिटरी सॅल्यूट' नावाची अनेक दिवसांची तिकिटं असतात. ती एका सैनिकाला जास्तीत जास्त सहा मिळतात आणि नातेवाईक-मित्रांनाही वापरता येतात. म्हणजे सासू-सासरे यात बसतात. अट एकच: सैनिक किंवा त्याची बायको बरोबर हवी आणि पहिल्या दिवशी तिकिटं चालू करताना कार्ड दाखवायचं. या तिकिटांना लहान-मोठा असा वेगळा दर नाही.

घ्यायची कुठून? पार्कच्या खिडकीवर नको. बेसवर लेझर ट्रॅव्हल किंवा आयटीटी नावाचं ऑफिस असतं, तिथून किंवा शेड्सच्या काउंटरवरून घेतली की सेल्स टॅक्स लागत नाही. पाच तिकिटांवर हा फरक चांगलाच जाणवतो. ठराविक तारखांना ती चालत नाहीत, नाताळचा आठवडा त्यात आलाच. योजना वर्षावर्षाने जाहीर होते, तेव्हा तिकीट कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं हे खोली बुक करण्याआधी बघा. तारीख उलटलेलं तिकीट अंगावर पडतं.

आणि मुलगी नोव्हेंबरात तीन वर्षांची होणार म्हणालात ना? डिस्नेत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर एक पूर्ण तिकीट वाचलं. शाळा सुरू झाल्यामुळे तेव्हा गर्दीही कमी असते. उकाडा मात्र ऑगस्टइतकाच, आणि वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. विमानाचं तिकीट बदलता येईल असं घ्या.

---

आडवाटेने

कडीपत्ता यांच्याशी सहमत, पण हाले कोआला एका ओळीत गुंडाळू नका. 'स्वस्त पडतं का' याचं सगळ्यात चोख उत्तर तिथे मिळतं.

वायकिकीला खाजगी हॉटेलची खोली समजा २०० डॉलरला दिसली. त्यावर कर साधारण अठरा-एकोणीस टक्के, म्हणजे ३६ ते ३८. रिसॉर्ट फी म्हणून बहुतेक ठिकाणी ४०-५० डॉलर रोज वेगळे, ते बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतात. गाडी असेल तर पार्किंग आणखी तेवढंच. दोनशेची खोली सव्वातीनशेला जाते. हाले कोआ संघराज्याच्या जमिनीवर, फोर्ट डीरूसीत आहे. तिथे खोलीवर राज्याचा कर नाही आणि रिसॉर्ट फी नाही. पार्किंगचे पैसे आहेत. त्यामुळे तुलना करताना पहिल्या पानावरचे दोन आकडे शेजारी ठेवू नका, दोन्हीकडे शेवटच्या पानापर्यंत जा. फ्लोरिडातही तेच, डिस्ने आहे त्या ऑर्लँडोच्या भागात हॉटेलच्या बिलावर साडेबारा टक्के कर बसतो.

अडचण एवढीच की हाले कोआच्या खोलीत सहसा चारच जणांना परवानगी, म्हणजे तुम्हाला दोन खोल्या लागतील. एकाच स्पॉन्सरच्या नावावर दोन मिळतात, पण स्वस्ताईची धार तिथे बोथट होते. त्यात टेक्सासहून पाच विमान तिकिटं. तुमच्या जागी मी हवाई दुसऱ्या वर्षावर टाकेन.

तरी गेलातच तर: हवाई देशांतर्गत प्रवास आहे, व्हिसाचा प्रश्न येत नाही, पण सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेत, विमानतळावर ओळखपत्र म्हणून तेच. पर्ल हार्बरच्या अ‍ॅरिझोना स्मारकाची बोट आधी रिझर्व्ह करावी लागते, आठ आठवडे आधी खुली होते, माणशी एक डॉलर. पर्स, पिशव्या आत नेता येत नाहीत, तिथे बाहेर पैसे भरून ठेवाव्या लागतात. सासूबाईंची औषधं खिशात.

अवांतर: परत येताना विमानतळावर सामान शेतीखात्याच्या तपासणीतून जातं. अननस आणता येतो, आंबा नाही. आपली माणसं हमखास तिथेच अडकतात.

---

पाणपोई

बापरे, इतकं सविस्तर! दोघांनाही खूप धन्यवाद. तीन वर्षांखालची गोष्ट तर लक्षातच आली नव्हती.

जेवणाचं काय करायचं ते सांगा. सासूबाईंना सात दिवस बाहेरचं खाणं झेपणार नाही. एडलवाइसचे फोटो बघून सासरे आल्प्सवर भाळलेत. आणि सैन्याच्या विमानांतून फुकट जाता येतं असं दीर म्हणाला, ते खरं का?

---

रानवाट

एकेक घेतो.

फुकट विमान: खरं आहे, त्याला स्पेस-ए म्हणतात. रजेवरचा सैनिक, त्याची बायको-मुलं जागा असेल तर जाऊ शकतात. आई-वडील डिपेंडंट म्हणून नोंदलेले नसतील तर त्यांना नाही. आणि डिपेंडंट करायचं तर त्यांच्या निम्म्याहून अधिक खर्चाचा भार मुलगा उचलतो हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं, सुट्टीपुरतं जमणारं काम नाही ते. शिवाय परतीची जागा मिळेलच याची हमी नसते. परतीच्या व्यावसायिक तिकिटाचे पैसे हाताशी असतील तरच त्या फंदात पडावं. पाच जणांच्या सहलीला स्पेस-ए विसरा.

एडलवाइस: जागा सुंदर, त्सुगश्पित्से शिखर समोर, आर्मीच्या लोकांना डॉलरमध्ये व्यवहार. पण भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपचा) व्हिसा हवा. जाऊबाईंकडे ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनाही हवा. सासऱ्यांना परत अमेरिकेत यायचं असेल तर त्यांचा बी-२ एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का तेही बघायचं. एका आठवड्यासाठी एवढा उपद्व्याप नको.

आता माझं मत, जरा वेगळं आहे. ई-४ च्या पगारात डिस्ने म्हणजे खोली स्वस्त आणि बाकी सगळं महाग. तीन वर्षांची पोर आणि गुडघेदुखीची आजी, दोघींनाही तिथे दमायलाच होईल. सैन्याकडे एएफआरसीपलीकडे पुष्कळ काही आहे, त्याबद्दल फार कोणी बोलत नाही: बेसची स्वतःची तळ्याकाठची, समुद्राकाठची कॉटेजं. फोर्ट हूडचंच बेल्टन लेकवर ब्लोरा (बेल्टन लेक आउटडोअर रिक्रिएशन एरिया) आहे, तिथे कॉटेजं आहेत. सॅन अँटोनियोच्या बेसचं कॅन्यन लेकवर रिक्रिएशन पार्क आहे, तिथे केबिन. फ्लोरिडात डेस्टिनला आर्मीची खाडीकाठची जागा आहे. एखादं कॉटेज घेतलं की भाडं कॉटेजचं, माणशी नाही, आणि बहुतेकांत स्वयंपाकघर असतं. सासूबाईंचा प्रश्न मिटला. कुकर मात्र घरून न्या. भांडी पुरवतात ती पास्ता उकडण्याइतकीच. चादरी-टॉवेल मिळतात का तेही विचारा, काही केबिनमध्ये ते आपले आपण न्यायचे असतात.

अशा जागांचं बुकिंग त्या बेसच्या आउटडोअर रिक्रिएशन ऑफिसकडे असतं, मोठ्या वेबसाइटवर नाही. आणि रांग असते: आधी त्या बेसवरचे कार्यरत सैनिक, मग इतर कार्यरत, मग निवृत्त वगैरे. ब्लोराच्या बाबतीत दिराचा नंबर पहिल्या रांगेत लागतो. शनिवार-रविवार लवकर भरतात. सोमवार ते शुक्रवार मागितलं तर सहसा जागा असते. लोक नकार ऐकून सोडून देतात, तारखा हलवून पुन्हा विचारत नाहीत, इथेच घोडं पेंड खातं.

एकच सावधगिरी. ज्या जागा बेसच्या कुंपणाआड आहेत तिथे परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्यांना दारातून सहज सोडत नाहीत. अमेरिकन पाहुण्याचं काम जागेवर पास काढून होतं, परदेशी नागरिकाची आधी तपासणी होते. त्याला किती दिवस लागतील हे बेस ठरवतो आणि आत असताना यजमानाने सोबत राहायचं अशीही अट असू शकते. दिराला सांगा, सहलीच्या महिनाभर आधी व्हिजिटर कंट्रोल सेंटरला पासपोर्ट-व्हिसाचा तपशील देऊन लेखी विचार. तसे सासू-सासरे त्याच्या घरी येणारच असतील आणि घर बेसवर असेल तर हे सोपस्कार एरवीही करायचेच आहेत. शेड्स आणि हाले कोआला ही भानगड नाही, ती बेसच्या कुंपणाआड नाहीत.

---

आडवाटेने

स्वयंपाकघराचा मुद्दा निघालाच आहे तर आर्म्ड फोर्सेस व्हेकेशन क्लबही बघा. सदस्यत्व फुकट. टाइमशेअर रिसॉर्ट्समधल्या (जिथे अनेक मालक वर्षातले आठवडे वाटून घेतात) न भरलेल्या जागा आठवड्याच्या हिशेबाने मिळतात. एक-दोन बेडरूमचं युनिट, स्वयंपाकघरासकट, भाडं युनिटचं. पाच जणांना एक बेडरूम म्हणजे दोघं पलंगावर, दोघं सोफा-बेडवर आणि मुलगी मध्ये कुठेतरी. दोन बेडरूमचंच घ्या.

यात लोक दोन ठिकाणी फसतात. आठवड्याचा दर भरला म्हणजे झालं असं समजतात, पण रिसॉर्टवाले तिथे गेल्यावर स्थानिक शुल्क वेगळं घेऊ शकतात. ते बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात दिलेलं असतं. दुसरं, चेक-इनला 'पार्किंग पास पलीकडच्या टेबलावर घ्या' म्हणून पाठवतात आणि तिथे टाइमशेअर विकण्याच्या भाषणाला बसायची गळ घालतात. जायचं बंधन नाही. 'नो, थँक यू' एकदाच म्हणायचं, कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्यावर उत्तर तयार असतं.

---

सांजवेळ

धागा वाचून एक शंका, जरा विषयाला धरूनच. माझे यजमान मरीन्समधून बाहेर पडले, निवृत्त नाहीत, म्हणजे पेन्शन नाही. व्हीएकडून (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडून) ३० टक्के डिसेबिलिटी आहे. आम्हाला यातलं काही मिळतं का? पूर्वी एकांनी 'शंभर टक्के असेल तरच' असं सांगितलं होतं.

---

कडीपत्ता

सांजवेळ, ती जुनी गोष्ट. १ जानेवारी २०२० पासून सेवेमुळे आलेली कितीही टक्के डिसेबिलिटी असलेले, पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याबद्दलचं पदक) मिळालेले आणि माजी युद्धकैदी असे सगळे माजी सैनिक पात्र झाले. व्हीएच्या यादीतले मुख्य केअरगिव्हरसुद्धा. तुमचे यजमान बसतात.

त्यांच्याकडे व्हीएचं आरोग्य ओळखपत्र हवं, व्हीएचआयसी म्हणतात ते. त्यावर 'सर्व्हिस कनेक्टेड' असं छापलेलं असतं. नुसतं व्हीएचं पत्र घेऊन काउंटरवर गेलात तर अडवतील. कार्ड टपालाने येतं, तेव्हा बुकिंगच्या आधी मागवून ठेवा.

तुमच्यात आणि पाणपोईंच्या जाऊबाईंमध्ये एक मोठा फरक आहे: या गटातल्या कुटुंबीयांना स्वतःचं कार्ड मिळत नाही. यजमान बरोबर असतील तरच तुम्ही, त्यांच्या पाहुण्या म्हणून. ते ऐनवेळी आले नाहीत तर चेक-इन होणार नाही. आणि परदेशातल्या ठिकाणी त्या देशाशी अमेरिकेचा जो करार असेल तो लागू होतो, म्हणून जर्मनी-कोरियाचा बेत करण्याआधी तिथे ईमेल टाका. फ्लोरिडा आणि हवाईला ही आडकाठी नाही.

मिलिटरी सॅल्यूट तिकिटांचं मात्र वेगळं. ती योजना डिस्नेची आहे, सरकारची नाही, आणि तिथे अट शंभर टक्क्यांची होती, यंदाची अट बघून घ्या. तुमचा जुना सल्लागार बहुधा त्याबद्दल बोलत असेल.

सगळ्यांसाठी अजून एक: सैन्याच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने कुणालाही पाठवू नका, हॉटेलवाल्याने 'सवलतीसाठी पाठवा' म्हटलं तरी. कार्ड समोर दाखवायचं असतं. सवलतीसारख्या कामासाठी त्याची फोटोकॉपी काढणं अमेरिकी कायद्याला मान्य नाही.

---

पाणपोई

जावेशी आणि दिराशी बोलणं झालं. असं ठरतंय: ऑक्टोबरात ब्लोराचं कॉटेज, सोमवार ते शुक्रवार. दीर उद्याच व्हिजिटर सेंटरला ईमेल टाकतोय. ते परदेशी पासपोर्टला नाही म्हणाले तर व्हेकेशन क्लबचं दोन बेडरूमचं युनिट. डिस्नेवर मी स्वतः फुली मारली, पण सासऱ्यांनी अजून मारलेली नाही. 😀

रानवाट, ब्लोराला एका कॉटेजमध्ये किती जणांना परवानगी असते?

---

रानवाट

कॉटेजच्या आकाराप्रमाणे बदलते. फोन करताना 'चार मोठे, एक तीन वर्षांखालची मुलगी' असंच सांगा. नुसतं 'पाच जण' म्हटलं तर मोठं कॉटेज गळ्यात मारतील. बाथरूम आणि पायऱ्यांबद्दलही विचारा: किती पायऱ्या, कठडा आहे का, न्हाणीत बसायला स्टूल ठेवता येईल का. व्हीलचेअरसाठी सोयीचं केलेलं युनिट असेल तर तेच मागा, त्यात पायरी नसते आणि बाथरूममध्ये धरायला दांडे असतात. गुडघेदुखीला ते बरं पडतं.